टाकून दिलेलें बूच

बाटलीचें बूच ही वस्तु इतकी क्षुल्लक मानली जाते कीं, तिच्यावर कोणी लेख लिहावा याचें वाचकांस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. एखाद्याचें तोंड बंद केलें म्हणजे आपण त्याला ‘बूच मारलें’ असें म्हणतों. यापलीकडे आपल्या बोलण्यांत बुचाला फारसें स्थान नाहीं. तथापि गेल्या वर्षीं हस्तव्यवसायाच्या तासाला या क्षुल्लक वस्तूनें मला एक धडा शिकविला. तो धडा, बुचाविषयीं थोडी शास्त्रीय माहिती, आणि घरच्या घरीं त्यापासून करतां येण्याजोगीं तीन कामें, एवढें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

एके शुक्रवारीं मीं आठवीच्या मुलांस सांगितलें कीं, घरीं किंवा शेजारीं जुनीं बुचें पडलेलीं असल्यास सोमवारीं घेऊन या; आपण त्यांनीं एक चौरंग मढवूं. सोमवारीं बहुतेक मुलें रिकाम्या हातांनीं आलीं. माझ्या लहानपणीं औषधांच्या कांहीं बाटल्यांना बुचें असत. आतां प्लास्टिकचीं किंवा पत्र्याचीं झांकणें असतात, हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. एका मुलानें मात्र कापडी पिशवी भरून बुचें आणिलीं होतीं. त्यानें ती मेजावर ओतली. बुचांच्या टोंकांना जांभळे डाग होते, आणि त्यांचा आंबूस वास वर्गभर पसरला. मागच्या बांकावरून कोणी तरी म्हणालें, “याचे बाबा रोज एवढी पितात वाटतें!” सारा वर्ग हंसला. मुलगा मान खालीं घालून उभा राहिला.

हंसणाऱ्यांना मीं तत्काळ गप्प करावयास पाहिजे होतें. तें मीं केलें नाहीं. माझ्या मनांत आलें, ख्रिस्ती शाळेंत मद्याचीं बुचें, आणि तींही मींच मागविलेलीं! पालक काय म्हणतील? या विचारांत दोनतीन क्षण गेले. आणि तेवढ्यांत त्या मुलानें बुचें पुन्हां पिशवींत भरलीं व तो जागेवर जाऊन बसला. बूच त्या वेळीं माझ्याच तोंडाला बसलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, प्रार्थनेच्या आधीं, त्याचे वडील शाळेंत आले. पिशवी त्यांच्या हातांत होती. ते एका हॉटेलांत वाढप्याचें काम करितात. शनिवारीं तेथें मोठी मेजवानी होती. पाहुणे उठून गेल्यावर केरांत जाणारीं बुचें त्यांनीं मुलासाठीं वेंचून ठेविलीं होतीं. ते म्हणाले, “सर, मी पीत नाहीं. माझे वडील पीत होते, म्हणूनच मी पीत नाहीं. पण पोरगा घरीं येऊन म्हणतो, ‘बाबा, तुम्ही ती नोकरी सोडा.’ आतां त्याला मी काय सांगूं?”

मीं त्यांची क्षमा मागितली, आणि वर्गांत जाऊन सर्वांसमक्ष त्या मुलाचीही मागितली. परंतु एवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. मुलें हंसलीं तीं बुचाला एकच अर्थ असतो अशा समजुतीनें हंसलीं. ती समजूत दूर करणें हें शिक्षकाचें काम होतें. म्हणून पुढील तीन तास आम्हीं बुचाचाच अभ्यास केला. त्याचा सारांश येथें देतों.

बुचाचें झाड

‘बुचाचें झाड’ म्हटलें म्हणजे आपल्याकडील मुलांस एक निराळेंच झाड आठवतें. पुण्यासारख्या शहरांत रस्त्यांच्या कडेला उंच वाढणारें, आणि पावसाळा सरल्यावर पहाटे पांढऱ्या, लांब नळीच्या, सुवासिक फुलांचा सडा घालणारें तें झाड. मुली त्या फुलांच्या नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्यावांचून वेणी करितात. हें झाड मूळचें ब्रह्मदेशाकडचें. त्याला आकाशनिंब असेंही नांव आहे. त्याची साल मऊ व भेगाळ असते, आणि तिचा उपयोग हलक्या प्रतीच्या बुचांसाठीं होत असे, म्हणून त्याला हें नांव पडलें. परंतु द्राक्षमद्याच्या बाटलींतील बूच या झाडाचें नव्हे.

खरें बूच ही ओक जातीच्या एका झाडाची साल होय. वनस्पतिशास्त्रांत त्या झाडाला ‘क्वेर्कस सूबेर’ म्हणतात. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनीशिया, इटलीचें सार्डिनिया बेट आणि फ्रान्सचा दक्षिण भाग, म्हणजे भूमध्यसमुद्राच्या पश्चिमेकडील प्रदेश, हें त्याचें घर. त्यांतही पोर्तुगाल अग्रेसर असून जगांतील बुचाच्या उत्पन्नापैकीं सुमारें निम्मा भाग त्या लहानशा देशांतून येतो. तेथील आलेंतेजु प्रांतांत या झाडांचीं विरळ रानें दूरवर पसरलेलीं आहेत. झाडांखालीं मेंढरें चरतात, डुकरें ओकचीं फळें खातात, आणि मधल्या मोकळ्या जागेंत कोठें कोठें धान्यही पेरितात. अशा रानाला पोर्तुगीज लोक ‘मोंतादु’ म्हणतात.

या झाडाची साल काढण्यास फार धीर धरावा लागतो. झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झालें म्हणजे पहिल्यानें साल काढितात. ती खडबडीत असते. तिचीं बाटलीचीं बुचें होत नाहींत. नऊ वर्षांनीं दुसऱ्यानें काढितात. तीही त्या कामाची नसते. आणखी नऊ वर्षांनीं, म्हणजे झाड सुमारें त्रेचाळीस वर्षांचें झाल्यावर, जी तिसरी साल निघते, तिच्यापासून बाटलीचें चांगलें बूच होतें. बाप झाड लावितो आणि त्याचें खरें उत्पन्न बहुधा मुलाच्या हातीं येतें. दोन सोलण्यांच्या मध्यें निदान नऊ वर्षें गेलींच पाहिजेत असा पोर्तुगालांत कायदा आहे. सोललेल्या खोडावर त्या सालाचा शेवटचा आंकडा पांढऱ्या रंगानें लिहितात. एखाद्या झाडावर २०२४ सालीं ४ हा आंकडा पडला असेल, तर २०३३ सालापर्यंत त्याला कुऱ्हाड लावावयाची नाहीं, असें येणाराजाणारा कोणीही समजतो.

सोलण्याचें काम उन्हाळ्यांत, मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत चालतें; कारण त्या वेळीं झाडाची वाढ जोरांत असून साल आंतल्या भागापासून सहज सुटते. हें काम बहुतेक कुऱ्हाडीनें आणि कसलेल्या हातांनींच होतें. घाव उथळ पडला तर साल सुटत नाहीं. खोल पडला तर आंतील जिवंत थराला जखम होते आणि त्या ठिकाणीं पुन्हां चांगली साल येत नाहीं. पोर्तुगालांत आग्वश द मोउरा या गांवीं १७८३ सालीं लाविलेलें असें एक झाड आहे. त्याच्यावर पांखरांचा किलबिलाट फार, म्हणून लोक त्याला ‘शीळ घालणारें झाड’ म्हणतात. १९९१ सालीं त्या एकट्या झाडापासून सुमारें १,२०० किलोग्रॅम साल मिळाली व तिचीं एक लाखाहून अधिक बुचें झालीं. २०१८ सालीं युरोपांतील वर्षाचा वृक्ष म्हणून त्याची निवड झाली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुचासाठीं झाडें तोडितात असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. साल काढिली तरी झाड जगतें, नवी साल धरितें, आणि दोनशें वर्षांपर्यंतही उभें राहतें. तेव्हां जुनें बूच वापरल्यानें एखादें झाड कुऱ्हाडीपासून वांचेल असें मी म्हणत नाहीं. मी म्हणतों तें एवढेंच कीं, जी वस्तु तयार होण्यास एका झाडाला त्रेचाळीस वर्षें लागलीं, ती एका संध्याकाळच्या जेवणानंतर केरांत टाकणें शोभत नाहीं. बुचाच्या गोल टोंकाकडे नीट पाहिलें तर बारीक वक्र रेषा दिसतात. त्या त्या सालीच्या वाढीच्या वर्षांच्या होत. वर्गांत मुलांनीं त्या मोजल्या, तेव्हां हंशा आपोआप थांबला.

बुचाच्या आंत काय आहे?

१६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें ‘मायक्रोग्राफिया’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें धारदार चाकूनें बुचाचा अतिशय पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला, तेव्हां त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य घरें दिसलीं. त्या घरांना त्यानें ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असें म्हटलें. आज आपण ज्याला पेशी म्हणतों तिचें हें पहिलें नामकरण होय. जीवशास्त्राच्या पुस्तकांतील इतका महत्त्वाचा शब्द एका बुचाच्या कापांतून निघाला, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

हूकनें पाहिलेल्या पेशी मेलेल्या होत्या. त्यांच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. एका घन सेंटिमीटर बुचांत अशा सुमारें ४ कोटी खोल्या असतात. सामान्य बूच २४ मिलिमीटर व्यासाचें व ४५ मिलिमीटर लांबीचें धरिलें, तर त्याचें घनफळ सुमारें २० घन सेंटिमीटर भरतें. म्हणजे एका बुचांत सुमारें ८० कोटी खोल्या झाल्या! या खोल्यांत वायु भरलेला असतो. बुचाच्या आकारमानापैकीं शेंकडा ८५ हून अधिक भाग वायूचाच, म्हणून एवढ्या बुचाचें वजन अवघें साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतें. पूर्वीं पोहावयास शिकणाऱ्याच्या पाठीला सुका भोपळा बांधीत. बूच म्हणजे तसले कोट्यवधि भोपळे एकत्र बांधलेले, असें समजावें. खोल्यांच्या भिंतींत सूबेरिन नांवाचें मेणासारखें द्रव्य असतें. त्यामुळें बुचांतून पाणी सहज झिरपत नाहीं.

बुचाचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. पहिला असा कीं, त्यांतून उष्णता फार मंद गतीनें जाते. थंडीच्या सकाळीं एक हात लोखंडावर व दुसरा बुचावर ठेवा. दोन्ही वस्तु सारख्याच थंड असतात. पण लोखंड हाताची ऊब ओढून नेतें म्हणून गार लागतें, आणि बूच ती नेत नाहीं म्हणून उबदार लागतें. दुसरा गुण असा कीं, वरून दाबलें असतां बूच खालीं बसतें पण बाजूंना फारसें फुगत नाहीं, आणि दाब काढल्यावर बहुतेक पूर्वीसारखें होतें. रबर दाबून पाहा. तें बाजूंना फुगतें. म्हणून जड वस्तूच्या पायाखालीं बूच चांगलें काम देतें.

हे गुण लोकांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें बुचाचा उपयोग जाळ्यांच्या तरंगांसाठीं आणि स्त्रियांच्या हिवाळी पादत्राणांच्या तळव्यांसाठीं होतो असें लिहून ठेविलें आहे. घरकामांत बूच वापरल्याचें एक सुंदर उदाहरण तर आपल्या गोव्याच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. दीवच्या १५४६ च्या वेढ्यानंतर तेथील पडलेला कोट पुन्हां बांधण्यासाठीं जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलें, आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केंस पाठविले, ही कथा प्रसिद्ध आहे. पुढें तो व्हाइसरॉय झाला आणि १५४८ सालीं गोव्यांतच मरण पावला. त्याची एक मठ बांधण्याची इच्छा होती. ती त्याचा पुत्र आल्वारु यानें १५६० सालीं लिस्बनजवळील सिंत्रा येथील डोंगरांत पुरी केली. तो मठ फ्रान्सिस्कन साधूंचा होता. खोल्या इतक्या लहान आणि दारें इतकीं ठेंगणीं कीं, आंत जातांना मान लववावीच लागे. डोंगरावरील थंडी व ओल यांपासून बचाव व्हावा म्हणून दारें व छतें बुचाच्या सालीनें मढविलेलीं होतीं. लांकडावर नक्षी नाहीं, भिंतीवर सोनें नाहीं. रानांत मिळणारी साल हेंच त्या मठाचें भूषण. १८३४ सालीं पोर्तुगालांतील असे मठ सरकारनें बंद केले. पण तो बुचाचा मठ पाहावयास लोक अद्यापि जातात.

कामास आरंभ करण्यापूर्वीं

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बुचाचा गौरव म्हणजे मद्याचा गौरव नव्हे. मद्यानें उद्ध्वस्त झालेलीं घरें मीं पाहिलीं आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यापासून दूर राहावें असेंच माझें सांगणें आहे. बुचें जमविण्यासाठीं कोणीही आपल्या घरीं बाटली आणूं नये, आणि शिक्षकांनींही माझ्यासारखें ‘घरून आणा’ असें मुलांस सांगूं नये. एखाद्याच्या घरीं काय आहे आणि काय नाहीं हें वर्गापुढें उघडें करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. मोठ्या माणसांनीं हॉटेलांत किंवा भोजनगृहांत जाऊन मागितल्यास केरांत जाणारीं बुचें मिळूं शकतात. नाशिक जिल्ह्यांत गेल्या पंचवीस वर्षांत द्राक्षमद्याचा धंदा वाढला आहे. परंतु आतां पुष्कळ बाटल्यांना फिरकीचें झांकण असल्यामुळें बुचें पूर्वींपेक्षां कमी मिळतात.

मिळालेल्या बुचांचे तीन ढीग करावे. ज्यांत नैसर्गिक बारीक छिद्रें व रेषा आहेत तीं अखंड सालीचीं. ज्यांत दाणे चिकटविलेले दिसतात तीं बुचाच्या चुऱ्याचीं. तींही चालतात, पण कापतांना त्यांचे कण सुटतात. जीं अगदीं एकसारखीं, गुळगुळीत व रबरासारखीं लागतात तीं प्लास्टिकचीं. तीं या कामांत घेऊं नयेत, कारण त्यांना सरस नीट धरीत नाहीं आणि उष्णतेनें तीं मऊ होतात.

निवडलेलीं बुचें धुवून चाळणींत ठेवावीं व दहा मिनिटें वाफवावीं. याचे दोन फायदे आहेत. वाळलेलें बूच कापतांना तुटतें, तें वाफेनें मऊ होतें. आणि बाटलीच्या अरुंद गळ्यांत दबून राहिलेलें बूच वाफ लागतांच फुगून पुष्कळसें आपल्या मूळ आकारास येतें. मग धारदार, पातळ पात्याच्या सुरीनें फळीवर ठेवून कापावें. सुरी नेहमीं बोटांपासून दूर चालवावी, आणि लहान मुलांनीं हें काम मोठ्यांच्या देखरेखीखेरीज करूं नये. कापलेले तुकडे सावलींत निदान दोन दिवस वाळवावे. हा नियम मोडल्यास काय होतें तें पुढें सांगतों.

काम पहिलें : खुर्चीचे पाय

शहाबादी फरशीवर खुर्ची ओढली म्हणजे कर्कश आवाज होतो व फरशीवर ओरखडे पडतात. बुचाच्या सात मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या घ्याव्या. खुर्ची उलटी करून पायांचीं टोंकें काचकागदानें घासून स्वच्छ करावीं, म्हणजे तेल व मळ जाईल. सुतार वापरतात तो पांढरा सरस दोन्ही बाजूंस पातळ लावून चकत्या बसवाव्या, खुर्ची सरळ उभी करून तिच्यावर पुस्तकांचा भार ठेवावा, आणि एक दिवस हात लावूं नये. नंतर पायाबाहेर आलेली कड सुरीनें कापून टाकावी.

खुर्ची डुगडुगत असेल तर तिचाही उपाय याच कामांत होतो. तीन पायांची तिवई कधीं डुगडुगत नाहीं, कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच. चौथा पाय आला कीं तो त्या सपाटींत असेलच असें नाहीं. म्हणून जो पाय अधर राहतो त्याला जाड चकती लावावी आणि खुर्ची स्थिर होईपर्यंत ती थोडी थोडी घासावी. भूमितीचा हा सिद्धान्त मुलांना फळ्यापेक्षां खुर्चीवर अधिक लवकर समजला.

काम दुसरें : गरम पातेल्याची अडणी

एका चकतीभोंवतीं तेवढ्याच सहा चकत्या बरोबर बसतात. त्यांच्याभोंवतीं बारा, आणि त्यांच्याभोंवतीं अठरा. म्हणजे १, ७, १९, ३७ अशी मांडणी होते. एकोणीस बुचें मध्यें आडवीं कापलीं कीं ३८ तुकडे मिळतात. त्यांतले ३७ उभे ठेवून वरील क्रमानें लावावे. मधोमध सात तुकड्यांची रांग येते. म्हणून २४ मिलिमीटरांच्या हिशेबानें अडणीची रुंदी १६८ मिलिमीटर, म्हणजे सुमारें साडेसहा इंच होते. घरच्या पातेल्याला ती पुरते.

तुकड्यांच्या बाजूंना फक्त खालच्या अर्ध्या भागांत सरस लावावा, कारण हा सरस उष्णतेनें मऊ पडतो. वरच्या भागांतून उष्णता खालीं पोंचण्यास बूच आडवें येतें. शेवटीं बाहेरून सुंभाचे किंवा जाड सुताचे दोनतीन वेढे घट्ट बांधावे. या अडणीवर भाताचें किंवा आमटीचें पातेलें खुशाल ठेवावें. पण विस्तवावरून तापून निघालेला लोखंडी तवा ठेवूं नये. बूच भडकन् पेटत नाहीं, तरी करपतें.

काम तिसरें : चौरंग मढविणें

जुन्या चौरंगाची फळी खराब झाली असेल, पण पाय व सांधे मजबूत असतील, तर हें काम करावें. बूच लांकडाची जागा घेऊं शकत नाहीं. भार लांकडानेंच सोसला पाहिजे. त्यांत खिळे अगर स्क्रू चांगले धरत नाहींत. बूच हें केवळ आच्छादन आहे.

आमच्या चौरंगाची फळी ३०० मिलिमीटर लांब व तेवढीच रुंद होती. प्रथम कडेनें चकतीच्या जाडीएवढ्या उंचीची लांकडी पट्टी बाहेरून ठोकून घेतली. मग प्रश्न आला कीं, चकत्या किती लागतील? चकतीचा व्यास २४ मिलिमीटर धरून एका मुलानें सांगितलें, एका रांगेंत बारा, अशा बारा रांगा, एकूण १४४. दुसरा म्हणाला, मधमाशी तशी मांडीत नाहीं. मग दुसरी रांग पहिलीच्या दोन चकत्यांमधील खांचेंत सरकवून मांडून पाहिली. अशा रीतीनें दोन रांगांमधील अंतर २४ ऐवजीं सुमारें २०.८ मिलिमीटर होतें, आणि तेवढ्याच फळीवर बाराऐवजीं चौदा रांगा, म्हणजे १६८ चकत्या बसतात. पहिल्या रीतीनें फळीचा शेंकडा ७२ भाग झांकला जातो, दुसऱ्या रीतीनें शेंकडा ८४. एका बुचाच्या सहा चकत्या होतात. म्हणून १६८ चकत्यांस अवघीं २८ बुचें पुरलीं. सर्वच बुचें एका मापाचीं नसतात. म्हणून आपल्या बुचांचा व्यास मोजून, सारख्या व्यासाच्या चकत्या निराळ्या काढून, हिशेब स्वतः करावा.

चकत्या एका कोंपऱ्यापासून लावीत जाव्या. सर्व लागल्यावर वर कागद पसरून त्यावर फळी व दगड ठेवून एक रात्र दाबावें. मधल्या फटींत बुचाचा भुसा सरसांत कालवून भरावा. तो वाळल्यावर लांकडाच्या ठोकळ्याला काचकागद गुंडाळून सर्व पृष्ठभाग एकसारखा घासावा, आणि वॉर्निशाचे दोन पातळ हात द्यावे. वॉर्निशाऐवजीं अळशीचें तेल लाविल्यास एक सावधगिरी अवश्य बाळगावी : तेलानें भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून टाकाव्या.

आमच्या हातून एक चूक झाली. स्नेहसंमेलनाच्या आधीं काम संपविण्याच्या घाईनें शेवटच्या दोन रांगांच्या चकत्या मीं एकच दिवस वाळूं दिल्या. पावसाळा लागतांच त्यांतल्या पांच सुटून वर आल्या. ज्या मुलानें बुचें आणिलीं होतीं त्यानेंच त्या काढिल्या, उन्हांत वाळविल्या आणि पुन्हां बसविल्या. “सर, तुम्हीं घाई केलीत,” असें तो मला म्हणाला. आणि तें खरेंच होतें.

हा चौरंग आतां शाळेच्या वाचनालयांत शब्दकोशाखालीं आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं त्या मुलाचे वडील तो पाहावयास आले. ते हॉटेलच्या कामावरून तसेच आले होते. त्यांनीं चौरंगावरून हात फिरविला आणि विचारिलें, “यांत आपलीं बुचें कोणतीं रे?” मुलगा म्हणाला, “सगळीं.” ज्यानें मागच्या बांकावरून शेरा मारिला होता तोही जवळच उभा होता. त्यानें पुढें होऊन त्यांना बसावयास खुर्ची दिली. तिच्या पायांना बुचाच्या चकत्या होत्या. तिचा आवाज झाला नाहीं.

पांच भाकरी व दोन मासळ्या यांनीं पांच हजार लोकांस तृप्त केल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूनें शिष्यांस सांगितलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिली आहे. ज्याला एवढें सामर्थ्य होतें त्यानेंही तुकडे वायां जाऊं दिले नाहींत. मागें राहिलेलें वेंचणारा मनुष्य हलका नव्हे, हें मला या कामानें पुन्हां शिकविलें. पालकांस विनंति एवढीच कीं, आपल्या मुलानें असें कांहीं वेंचून घरीं आणिलें तर तें कोठून आलें म्हणून रागावण्यापूर्वीं तें कशासाठीं आणिलें हें आधीं त्याला विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, चकत्या पुरे दोन दिवस वाळूं द्या.